गुरुवारचं दूध

एक किटली घासून पुसून गंगाबाईनं मोरीच्या कट्ट्यावर पालथी घातली होती. दुसरीला राख नुकती लागली होती, काथ्या अजून हातातच होता, तेवढ्यात तिची सून प्रांजल मोबाइल घेऊन दारात आली. सासूचे हात ओले बघून तिनं फोन तिच्या कानाला लावून धरला.

“गंगाबाई, ताहिरा बोलते. अहो, कालचं दही लागलंच नाही.”

“कसं काय?”

“कसं काय म्हणजे? नुसतं पाणी. यूम्नानं लावलं होतं. तांदळाच्या डब्यात ठेवलं, वरनं गोधडी घातली, तरी पाणी ते पाणीच. आज जुम्म्याच्या नमाजनंतर मोरा बंदराहून तिचे आईबाप येतात, लग्नानंतर पहिल्यांदा, आणि माझ्या घरात बिर्याणीला दही नाही. तुमच्या घरात असेल तेवढं घेऊन या. आणि दोन लिटर दूध जास्तीचं.”

“आणते,” गंगाबाई म्हणाली.

प्रांजलनं फोन काढून घेतला. गंगाबाई तशीच उकिडवी बसून राहिली. किटलीवरची राख सुकत चालली. ताहिराच्या घरी दही का लागलं नाही, हे अख्ख्या पनवेलात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस या मोरीत बसलं होतं.

ही दोन हजार बाराच्या डिसेंबरातली गोष्ट. पळस्प्याच्या फाट्याकडून आत वळलं की तेव्हा एका बाजूला नव्या इमारतींचे पत्रे लागले होते आणि दुसऱ्या बाजूला गंगाबाईचा गोठा होता. सात म्हशी, मागं पेंढ्याची उडवी, पुढं घर. ती या घरात आली तेव्हा तिला धार काढता येत नव्हती. बाप उरणकडच्या मिठागरात कामाला. घरात मिठाची पोती, दूध बघायचं ते सणाला. सासूनं तिला पहिल्याच आठवड्यात म्हशीच्या कुशीला बसवलं आणि म्हणाली, “आधी हात चोळून ऊन कर. गार हात लावलास तर ती पान्हा चोरेल, मग तिला दोष देऊ नको.” गंगाबाई हात ऊन करायला शिकली. पेंड भिजवायला, कास धुवायला, व्यायला टेकलेल्या म्हशीपाशी बसून राहायला शिकली. सासू गेल्यावर दूध घालायला शहरात जायचं कामही तिच्याकडं आलं.

नवरा कमळाकर तिला मोटारसायकलवरून मोहल्ल्याच्या तोंडाशी सोडायचा आणि स्वतः मोठा कॅन घेऊन चहावाल्यांकडं जायचा. मग ती दोन हातांत दोन किटल्या घेऊन दारोदार. अशी बावीस वर्षं झाली. सकाळची घरं बरीच, संध्याकाळची पाचच. सासू त्यांना गिऱ्हाईक म्हणत नसे, घर म्हणे. गंगाबाईही घरच म्हणायची. लोक म्हणत, हिच्या दुधात पाणी पडलंच तर आभाळातनं पडेल, हिच्या हातनं नाही. हे ऐकलं की गंगाबाई पदर सारखा करून पुढच्या दाराशी जायची, पण घरी येईपर्यंत ते तिच्या कानात असायचं. देवापुढं दिवा लावताना ती मागायची ते एवढंच, की हे नाव राहू दे.

त्या मंगळवारी काजळी नावाच्या म्हशीची कास सुजली. एक सड दगडासारखा, धारेतून गाठी यायला लागल्या. ढोरांचे डॉक्टर आले, त्यांनी सुई दिली आणि हात धुता धुता सांगितलं, “सुई तीन दिवस. शेवटच्या सुईनंतर अजून चार दिवस हिचं दूध टाकून द्यायचं. चहालासुद्धा नाही. औषध दुधात उतरतं, माणसाच्या पोटात जाता कामा नये. विरजणसुद्धा मरतं त्यानं, दही लागत नाही.”

कमळाकर म्हणाला, “म्हणजे आठवडाभर आमच्या परसातल्या केळीला मलईचं दूध. आम्हालासुद्धा विचारणार नाय आता ती.”

डॉक्टर हसले. गंगाबाई हसली नाही. दूध टाकणं तिच्या जिवावर यायचं. तरी मंगळवारी टाकलं, बुधवारीही टाकलं, केळीच्या बुंध्यात, तोंडानं लक्ष्मीची माफी मागत.

मग गुरुवार आला, मार्गशीर्षातला. सकाळी तिनं घट मांडला, पाच फळं ठेवली, पोथी वाचली. त्या दिवशी घरातलं पांढरं उकिरड्यावर जाऊ द्यायचं नाही ही सासूची शिकवण. दूध, दही, तांदूळ, काही नाही. म्हणून सकाळचं काजळीचं दूध तिनं झाकून तसंच ठेवलं होतं, शुक्रवारी टाकू म्हणून. दुपारी ताहिराचा निरोप आला की संध्याकाळी सहा लिटर जास्त हवं, व्याही येणार आहेत. नेमकी एक म्हैस आटत आलेली. संध्याकाळच्या धारा काढून झाल्यावर तीन लिटर कमी पडत होतं.

काजळीची संध्याकाळची बादली बाजूला होती. गंगाबाईनं त्यात वाकून बघितलं. गाठ नाही, रंग नाही, वर चांगला फेस. कासेची सूजही उतरली होती. तिनं मनाशी म्हटलं, म्हैस बरी झाली. मनाशी म्हटलं, आज टाकायचं तर नाहीच आहे. आणि मग तिनं एक गोष्ट केली, जिच्यावर तिचं तेव्हा ध्यान नव्हतं. आधी भुरी म्हशीच्या बादलीतून एक वाटी दूध काढून देवीच्या नैवेद्याला आत नेऊन ठेवलं. मग परत येऊन काजळीचं दूध फडक्यातून गाळून किटल्यांत ओतलं.

“काजळीचं?” कमळाकरनं गाडीला किक मारता मारता विचारलं.

“ठेवलंय झाकून,” ती म्हणाली. सकाळचं झाकलेलं होतंच, त्यामुळे तिला ते खोटंही वाटलं नाही.

आता शुक्रवारी मोरीत बसल्या बसल्या तिला ती वाटी आठवली. म्हैस बरी झाली असं वाटत होतं, तर मग देवीला भुरीचं कशाला काढलं?

प्रांजल अजून दारातच उभी होती. डॉक्टर बोलले तेव्हा तीही तिथंच होती. “आई, दही का नाही लागलं त्यांचं?”

“थंडी पडली हाय. नाय लागत कधी कधी.”

प्रांजलनं खाली बसून तिच्या हातातला काथ्या घेतला आणि किटली घासायला लागली. गंगाबाईला वाटलं, हिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

घरच्यासाठी भुरीच्या दुधाचं दही लावलेलं होतं. तो सगळा डबा तिनं घेतला आणि ताहिराकडं गेली. जिन्यापर्यंत कांदा तळल्याचा वास येत होता. ताहिरा ओढणी कमरेला बांधून स्वयंपाकघरात उभी, तिची मुलगी आयत पुदिना निवडत बसलेली, आणि सून यूम्ना कोपऱ्यात खाली बसून आलं सोलत होती. यूम्ना या घरात येऊन अडीच महिने झाले होते. बारीक चणीची, बोलायला लाजरी, गंगाबाईला मावशी म्हणायची.

ताहिरानं डबा उघडून चमचा उभा केला. चमचा उभाच राहिला.

“बघ गं यूम्ना. याला म्हणतात दही. बावीस वर्षं हिचं दूध खातोय आम्ही, एकदा दगा दिला नाही. तुझ्या हातात काय बर्फ आहे का?”

आयत म्हणाली, “अम्मी, भाभी मोऱ्याची ना. विरजण म्हणून समुद्राचं पाणी घातलं असेल.”

“गप गं,” ताहिरा म्हणाली, पण हसली. यूम्नाही हसली, सगळ्यांचं हसून झाल्यावर. मग ताहिरा आवाज खाली न आणताच म्हणाली, “आता हिची आई आली की मी काय सांगू, दही बाहेरून आणलं? पोरीला दूध ओळखता येत नाही म्हणून? बघू. अजून काय काय येत नाही ते कळेल हळूहळू.”

गंगाबाई दूध मोजत होती. मापट्यातून थोडं लादीवर सांडलं. त्याच वेळी बोलायचं होतं, तोंडात शब्द आले होते. पण चमचा अजून दह्यात उभा होता आणि ताहिरा तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती नजर घालवायचं तिच्यानं झालं नाही.

बाहेरच्या खोलीत खिडकीशी ताहिराचे सासरे हाफिज चाचा बसलेले. नव्वदीला आलेले, दोन वेळच्या दुधावर जगणारे. चाहूल लागताच म्हणाले, “गंगाबाई का? काल दूध बहोत उमदा होतं. माशाल्ला.”

“हो चाचा,” ती म्हणाली आणि चपला पायात अडकवल्या.

जिना उतरताना ताहिरानं वरून हाक मारली आणि वाफवलेल्या गोड सांदणांचा डबा तिच्या हातात दिला. “मेहनत पडली तुम्हाला. पोरांना द्या.” तो डबा गंगाबाईनं घेतला. घेतला, हे तिला नंतर जास्त लागलं. घरी तो प्रांजलपुढं ठेवून म्हणाली, “तुमी खा. मला नको.”

संध्याकाळी दिवा लावून ती रोजचं स्तोत्र म्हणायला बसली. तिसाव्या वर्षापासूनचं पाठ, आणि मधेच ओळ सुटली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडलं. मग ती देवीशी बोलायला लागली, जशी नेहमी बोलायची. उरलेले गुरुवार निर्जळी करते. वर्षभर साखर सोडते. नवस बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं, की आपण ज्याचं नुकसान केलं त्याला सोडून भलत्यालाच भरपाई देऊ करतोय. नैवेद्याची वाटी धुवून पालथी ठेवली होती. तिनं तिकडं बघायचं टाळलं आणि उठली.

गोठ्यात कमळाकर पेंढा टाकत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, काल संध्याकाळी त्यानं काय विचारलं आणि तिनं काय उत्तर दिलं तेही.

त्यानं हातातली पेंढी मोकळी केली. “किती घरात गेलं?”

“संध्याकाळच्या पाची.”

“कुणाचं पोट बिघडलं?”

“नाय ऐकलं अजून.”

“मग गप राहा. झालं ते झालं. आता दारोदार सांगत फिरलीस तर बावीस वर्षं घातलीस पाण्यात. पिशवीचं दूध दारात येतंय लोकांच्या. तुझं का घ्यायचं? हिचं दूध खरं हाय म्हणूनच ना?”

“आणि ती पोर?”

“कुठली?”

“यूम्ना. तिच्या आईबापासमोर तिला बोल लागला माझ्यापायी.”

“सासू-सुनेचं हाय ते. चार दिवसांत विसरतील.”

गंगाबाई सून होती तेव्हा तिच्या हातून एकदा खरवस फाटला होता. सासू वारली त्या वर्षीसुद्धा पाहुण्यांपुढं त्याची गोष्ट निघाली होती. ती काजळीच्या पाठीवर हात ठेवून थोडी उभी राहिली आणि आत गेली.

शनिवारी सकाळी तिनं काजळीचं दूध आधी केळीत ओतलं, मग किटल्या भरल्या. मोहल्ल्यात पहिलं घर ताहिराचं. दार यूम्नानं उघडलं. पातेलं पुढं केलं, मागं वळून आत बघितलं आणि हळूच म्हणाली, “मावशी, एक विचारू? तुम्ही विरजण किती घालता?”

“का गं?”

“अम्मी म्हणतात आता दह्याला हात लावू नको, आयत लावेल. काल माझी आई जाताना मला म्हणाली, एवढंसुद्धा शिकवलं नाही मी तुला, असं वाटलं असेल त्यांना. मी आईसारखंच केलं होतं. दूध कोमट, करंगळी बुडवून बघितली, एक चमचा विरजण. माझं काय चुकलं ते सांगा ना. मी पुन्हा तसं करणार नाही.”

पातेलं तिच्या दोन्ही हातांत होतं. गंगाबाईनं मापटं किटलीत परत सोडलं.

“तुझ्या अम्मीला बोलाव,” ती म्हणाली.

ताहिरा आतून पीठ भरल्या हातानं आली. “काय झालं? हिशेब का?”

“भाभी, पोरीचा हात चांगला हाय. दूध माझं वाईट होतं.”

ताहिरा हसली. “बस बस. तुम्ही सगळ्या सुनांच्या वकील. तिनं रडून दाखवलं वाटतं?”

“तसं नाय. गुरुवारच्या दुधात आजारी म्हशीचं दूध होतं. सुया चालू होत्या तिला. डॉक्टरनं टाकायला सांगितलं होतं. दही लागणार नाय, हेपण सांगितलं होतं.”

“अहो, तुमच्याकडनं चुकून पडलं असेल. एवढं काय…”

ताहिरानं तिला सुटायला वाट करून दिली होती. चुकून पडलं, एवढं म्हटलं असतं तर यूम्नाही सुटत होती आणि गंगाबाईही. पण सून दारात उभी होती आणि दोघींकडं आळीपाळीनं बघत होती.

“चुकून नाय पडलं. मी घातलं. तुमचं सहा लिटर भरत नव्हतं. आणि देवीची वाटी होती, ती मी आधीच दुसऱ्या म्हशीची काढून ठेवली. म्हणजे मला कळत होतं.”

ताहिराच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. आधी डोळ्यांतलं गेलं. तिनं हाताला चिकटलेलं पीठ बोटानं सोडवलं, गोळी करून मुठीत धरलं.

“तुमच्या देवीला चालत नव्हतं.”

“नाय.”

“आणि आमच्या अब्बांना चालत होतं.”

तेच दूध देवळामागच्या आळीत कृष्णाबाईंकडंही गेलं होतं, आपल्या-परक्याचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. हे सगळं गंगाबाईला सांगता आलं असतं. पण ते म्हणजे मी सगळ्यांनाच फसवलं, असं म्हणून स्वतःला सोडवून घेणं झालं असतं. ती खाली मान घालून उभी राहिली. जिन्यावरून शेजारची एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर गेली आणि जाताना “काय गंगाबाई, आज उशीर?” म्हणाली.

“त्यांना काही त्रास झाला का?” गंगाबाईनं विचारलं.

“नाही. झाला असता तर तुम्ही आला असतात का सांगायला, की थंडीचं निमित्त केलं असतंत?”

थंडीचं ती सहज बोलली. थंडीत दही लागत नाही, असं कुणीही म्हणतं. पण गंगाबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, कारण मोरीत बसून प्रांजलला तिनं हेच उत्तर दिलं होतं.

“माहीत नाय, भाभी,” ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

ताहिरा आत गेली. आतून तिचा आवाज ऐकू आला, यूम्नाच्या आईशी फोनवर, मोठ्यानं, “हां आपा, सलाम. दह्याचं सांगायला फोन केला. यूम्नाची चूक नव्हती. दूधच खराब आलं होतं. हां, हां, त्याच दूधवालीचं. नाही, मुलीला मीच बोलले उगाच.” यूम्ना पातेलं धरून तशीच उभी होती. तिनं गंगाबाईकडं बघितलं नाही. तिच्या मानेचा ताठा जरा सैल झाला एवढंच दिसलं. मग तिनं पातेलं दारामागच्या स्टुलावर ठेवलं, रिकामंच, आणि चुलीवर काहीतरी उतू जातंय का ते बघायला निघून गेली.

ताहिरा परत आली. “आजचं राहू द्या.”

“उद्या येऊ?”

“सांगते फोन करून. अब्बांना विचारते, यांना विचारते.” दार लोटता लोटता ती थांबली. “तो डबा द्या परत, सांदणांचा. रिकामाच आणा, भरून वगैरे काही नको.”

“बरं.”

दार बंद झालं. किटल्या भरलेल्या होत्या, रोज या जिन्यावरून उतरताना एक हलकी झालेली असायची. गंगाबाई कठड्याला टेकत खाली आली. कोपऱ्यावर कमळाकर गाडी लावून एका चहावाल्याशी बोलत होता. तिचा चेहरा बघून त्याला कळलं.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“बंद केलं?”

“आज घेतलं नाय. पुढचं नाय माहीत.”

तो थुंकला, काही बोलणार होता, पण चहावाला ऐकत होता. “चल, घरी सोडतो. उरलेलं हॉटेलात घालतो.”

“घरी नाय. गुरुवारची अजून चार घरं हायेत.”

“गंगे, कशाला?”

तिनं पदर खोचला आणि दोन्ही किटल्या पुन्हा उचलल्या. गल्लीच्या पलीकडं, देवळामागच्या आळीत कृष्णाबाई राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. रोज संध्याकाळी गंगाबाईचं दूध आलं की त्या ते आधी आपल्या बाळकृष्णाला दाखवायच्या आणि मग तोंडाला लावायच्या. गुरुवारीही दाखवलं असणार. आता कृष्णाबाईंकडं जाऊन हे सांगायचं होतं.